विमा कंपनी म्हणते, डोळे पुन्हा तपासा. जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंचा भाऊ २९ वर्षांचा, हुपरीला चांदीच्या पैंजणांचा कारागीर. दीड वर्षापूर्वी, ऐन गळीत हंगामात, रात्री घरी परतताना त्याची मोटारसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. उजव्या भुवईच्या कडेला मार बसला, टाके पडले. डोळा बाहेरून शाबूत राहिला, पण नजर गेली. ‘नसेला मार आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी रुग्णालयाचं ३० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात आहे आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालू आहे. आता विमा कंपनीचे वकील म्हणतात, डोळा तर ठणठणीत दिसतोय, दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या. ताई विचारतात: जावं का? तो डॉक्टर कंपनीचाच ना? भावाला खोटं पाडलं तर?

ताई, भावाला जरूर पाठवा.

मी मिरजेत अठ्ठावीस वर्षं डोळे तपासते आहे. त्यातली काही वर्षं अपंगत्व मंडळावर बसले, आणि आता अशा दाव्यांतल्या तपासण्या दोन्ही बाजूंसाठी करते. पत्र कधी दावेदाराच्या वकिलाचं येतं, कधी विमा कंपनीचं, कधी थेट न्यायाधिकरणाचं. फी मी तपासणीआधीच घेते, म्हणजे अहवालात काय निघालं याच्याशी तिचा संबंध उरत नाही. तरी तुमची शंका अगदीच अस्थानी नाही. कंपनीला रुचेल तेवढंच लिहिणारे डॉक्टर असतात, तसे दावेदाराला हवा तो आकडा घालून देणारेही असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात या दुसऱ्या प्रकाराला नाव न घेता चांगलंच सुनावलं आहे: ज्यांनी उपचार केले नाहीत, नीट तपासलंही नाही आणि तरी तयार प्रमाणपत्रं देतात, अशांची साक्ष न्यायाधिकरणांनी जपून घ्यावी. त्याच निकालात असंही आहे की प्रमाणपत्राचा कागद नुसता दाखल केल्याने अपंगत्व किती ते सिद्ध होत नाही. ज्या डॉक्टरने उपचार केले किंवा ज्याने तपासून टक्केवारी ठरवली, तो उलटतपासणीला उभा राहावा लागतो. तेव्हा तुमच्याकडचा ३० टक्क्यांचा कागद कामाचा आहे, पण त्यावर दावा संपत नाही. आणि न्यायाधिकरणाने तपासणीला पाठवल्यावर भाऊ गेलाच नाही, तर त्याचा अर्थ त्याच्याच विरुद्ध लावला जाऊ शकतो.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट भावाला वेगळी वाटेल. हा डॉक्टर औषध देणार नाही, धीर देणार नाही, ‘बरं होईल हो’ म्हणणार नाही. मी स्वतः सुरुवातीलाच सांगते, ‘मी तुमची डॉक्टर म्हणून इथे नाही. तुम्ही सांगाल ते आणि मला सापडेल ते अहवालात जाईल. मंजूर असेल तर सही करा.’ काहींना हे तुसडेपणाचं वाटतं. एका अपवादात मात्र मी गप्प बसत नाही. एकदा चेंडू लागलेल्या मुलाच्या डोळ्याचा दाब ३४ निघाला, म्हणजे धोक्याइतका जास्त. दुखत नव्हतं, घरच्यांना पत्ता नव्हता. बुबुळाच्या मुळाशी, जिथून डोळ्यातलं पाणी झिरपून बाहेर जातं, तो कोन मारामुळे फाटला होता. असा फाटलेला कोन कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी काचबिंदू आणतो. अहवाल जाईल तेव्हा जाईल, त्या मुलाच्या बापाला मी त्याच दिवशी खुर्चीत बसवून सांगितलं.

आता ‘डोळा ठणठणीत दिसतोय’ या वाक्याकडे येऊ, कारण तुमचा सगळा दावा त्यावर अडकलाय. भुवईच्या बाहेरच्या कडेला जोराचा मार बसला की त्याचा धक्का हाडातून मागे जातो. डोळ्याची नस मेंदूकडे जाताना हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि तिथे ती घट्ट बांधलेली असते, हलायला जागा नसते. धक्का नेमका तिथे बसतो. पुढचा डोळा, बाहुली, भिंग, पडदा, सगळं जागच्या जागी. मशीनने पाहिलं तरी पहिले काही आठवडे नसेचं तोंड, म्हणजे पडद्यावर ती जिथे सुरू होते ती जागा, गुलाबी आणि निरोगी दिसतं. फिकेपणा यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे कॅज्युअल्टीतल्या पहिल्या कागदावर ‘दोन्ही डोळे नॉर्मल’ असं कोणी लिहून ठेवलं असेल, तर वकील ते वाक्य झेंड्यासारखं फडकवणार. त्याला उत्तर आहे, आणि ते बऱ्यापैकी पक्कं आहे.

एक बारका टॉर्च पुरतो. अंधाऱ्या खोलीत उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर, असा फिरवायचा. निरोगी डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आक्रसतात. तोच उजेड नस दुखावलेल्या डोळ्यावर आणला की बाहुल्या आक्रसायच्या ऐवजी मोठ्या होतात, कारण त्या डोळ्याकडून मेंदूला ‘उजेड आला’ हा निरोप कमी पोहोचतो. हे कोणी ठरवून करू शकत नाही. बाहुली कोणाच्या सांगण्यावरून हलत नाही, विमा कंपनीच्याही नाही. एका डोळ्याची नजर नसेमुळे गेली म्हणून सांगतोय आणि ही खूण नाही, तर मी तिथेच थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. भावाच्या बाबतीत दीड वर्ष झालंय. खूण असेल, नसेचं तोंड पांढुरकं पडलं असेल, आणि ओसीटी स्कॅनवर नसेच्या तंतूंचा थर डाव्या डोळ्यापेक्षा स्पष्ट पातळ मोजला जाईल. तो मायक्रॉनमधला आकडा असतो, त्यावर कोणाला भुवया उंचावता येत नाहीत. या तीन गोष्टी जुळल्या तर वकिलांचं ‘ठणठणीत’ संपलं. दुसरी तपासणी तुमच्याच कामाची कशी, ते आता लक्षात येईल.

पण ती खरं बोलणाऱ्याच्याच कामाची आहे, हेही सांगायला हवं. नजर किती, हे शेवटी माणूस तोंडाने सांगतो, आणि पैशाचा विषय असला की तोंड थोडं वाहवतं. म्हणून आम्ही असे प्रश्न विचारतो ज्यांचं ‘सोयीचं’ उत्तर काय, ते समोरच्याला कळत नाही. चष्म्याच्या चौकटीत भिंगं बदलता बदलता चांगल्या डोळ्यापुढे जाड बहिर्गोल भिंग येतं, तो डोळा धूसर होतो, आणि माणूस ‘चांगल्या डोळ्याने’ वाचतोय असं समजून वाईट डोळ्याने ६/९ ची, म्हणजे जवळजवळ नॉर्मल नजरेची, ओळ वाचून मोकळा होतो. चांगल्या डोळ्यापुढे उभा प्रिझम (प्रतिमा वर-खाली सरकवणारी काच) धरला आणि एका ओळीच्या दोन दिसल्या, तर दुसरी कोणी पाहिली? पोलरॉइड चष्मा लावून बघायचं माशीचं एक मोठं चित्र असतं. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर माशीचे पंख कागदाच्या वर उचललेले भासतात. उजवा डोळा पूर्ण आंधळा म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी पंख धरायला चिमूट नेली ती कागदाच्या दोन बोटं वर, हवेत. बिचारे पंख पकडायला गेले आणि स्वतःच सापडले. दोन्ही डोळे गेले म्हणणाऱ्याला मी कधी कधी दोन तर्जन्यांची टोकं एकमेकांना लावायला सांगते. खरा अंध माणूस सहज लावतो, कारण त्याला डोळ्यांची गरजच नसते, हात कुठे आहेत ते शरीराला ठाऊक असतं. सोंग करणारा मात्र ती जाणूनबुजून चुकवतो. नजरेचं क्षेत्र अगदी नळीएवढं उरलंय म्हणणाऱ्याचं क्षेत्र एक मीटरवरून आणि दोन मीटरवरून मोजायचं. दुप्पट अंतरावर ते दुप्पट रुंद झालंच पाहिजे, टॉर्चचा झोत होतो तसं. दोन्हीकडे तेवढंच राहिलं तर ते डोळ्याचं दुखणं नव्हे.

मेंदूपर्यंत निरोप पोहोचतो का ते तारा लावून मोजणारी व्हीईपी चाचणी वकिलांना फार आवडते, कारण तिचा आलेख निघतो. मला ती तेवढी भरवशाची वाटत नाही. माणसाने मुद्दाम नजर सैल सोडली तरी आलेख बिघडतो. टॉर्च स्वस्त आणि जास्त प्रामाणिक.

इथे एक गोष्ट बजावून सांगते, कारण ती अहवालात चुकीची लिहिली की माणसाचं आयुष्य खराब होतं. चाचणीत विसंगती सापडली म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. मोठ्या धक्क्यानंतर, मुलांमध्ये तर विशेषच, डोळा निरोगी असूनही खरोखर दिसेनासं होतं. ते नाटक नसतं, त्यांना स्वतःलाही ते कळत नसतं. म्हणून मी अहवालात ‘खोटं बोलतो’ हा शब्द कधी वापरत नाही. ‘सांगितलेली नजर अमुक, चाचण्यांतून सिद्ध झालेली नजर किमान तमुक’ एवढंच लिहिते. हेतू शोधणं न्यायाधीशांचं काम.

आणि जे मुद्दाम वाढवून सांगतात, त्यातल्या बहुतेकांना काहीतरी खरोखर झालेलं असतं, हे यातलं दुःख. एका ट्रक क्लीनरच्या पडद्यामागच्या थराला मारामुळे नसेच्या तोंडाभोवती चंद्रकोरीसारखा तडा गेला होता. खरा, ठळक, फोटोत येणारा. नजर ६/२४ होती. कोणीतरी शिकवलं म्हणून तो ‘काहीच दिसत नाही’ म्हणत राहिला. प्रिझमने ६/२४ सिद्ध झाली. उलटतपासणीत मग त्याचं कमरेचं दुखणंही कोणी खरं मानेना. ‘अंधुक दिसतं’ एवढं खरं सांगितलं असतं तर तो तडाच त्याचा साक्षीदार होता. तेव्हा भावाला एवढंच सांगा: दिसतं ते दिसतं म्हण, नाही ते नाही म्हण, अंदाज बांधायला सांगितला तर अंदाज कर. रडून दाखवायची गरज नाही.

दुसरा वाद येईल तो ‘हे आधीपासूनच होतं’ असा. लहानपणीचा आळशी डोळा हे वकिलांचं आवडतं शस्त्र, आणि त्यात तथ्यही असतं. आपल्याकडे कित्येकांना एका डोळ्याने कमी दिसतं हे अपघातानंतर पहिल्यांदा एक डोळा झाकला तेव्हाच कळतं. पण आळशी डोळ्याची नस पांढरी पडत नाही आणि तंतूंचा थर असा झडत नाही. शिवाय मार आपली सही ठेवून जातो: भिंगावर बुबुळाच्या रंगाचं उमटलेलं वर्तुळ, फाटलेला कोन, फुलासारखा पसरलेला मोतीबिंदू. मी जुने कागद मागते. चष्म्याचा नंबर, लायसन्सच्या वेळचं मेडिकल, शाळेतली तपासणी, काहीही. एकदा लग्नाच्या अल्बमने निकाल लावला होता. नवरदेवाचा डावा डोळा प्रत्येक फोटोत आतल्या बाजूला वळलेला, आणि दावा होता अपघातातल्या तिरळेपणाचा. तुमच्या भावाच्या बाबतीत फोटो उलट कामाला येतील. समोरून काढलेले, सरळ नजरेचे, अपघाताआधीचे चार-पाच फोटो शोधून ठेवा.

कागदांत सगळ्यात मोलाचा असतो पहिल्या चोवीस तासांतला, ज्यावर डॉक्टरने नजर मोजून लिहिलीय: ‘उजवा डोळा, बोटं मोजता येत नाहीत’ किंवा ‘फक्त उजेड कळतो’. खेदाची गोष्ट ही की पुष्कळ एमएलसी कागदांवर (पोलीस प्रकरणात रुग्णालय करतं त्या नोंदीवर) ‘आय इंज्युरी, रेफर’ एवढंच असतं. तसं असेल तर घाबरू नका, पण ज्या नेत्रतज्ज्ञाने नंतर तपासलं त्याचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडी) तारखेवार लावून न्या. मूळ प्रती कोणाकडे ठेवून येऊ नका.

तिसरा प्रश्न ‘कायमचं आहे का’. मी साधारण सहा महिन्यांच्या आत अंतिम मत देत नाही. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होऊ शकतं, पडदा बसवता येतो, सूज ओसरते. याच कारणाने गुन्ह्याच्या बाजूला पोलीस ‘साधी की गंभीर दुखापत’ विचारतात तेव्हा दुसऱ्या दिवशी उत्तर देता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही गंभीर दुखापत आहे, आणि सगळा भार त्या ‘कायमची’ शब्दावर. भावाच्या नसेला दीड वर्ष झालंय. जे परत यायचं होतं ते आत्तापर्यंत आलं असतं.

मग टक्के. लोकांना वाटतं तपासणी म्हणजे टक्के काढणं. खरं तर त्यात सगळ्यात कमी डोकं लागतं, कारण तक्ते छापलेले आहेत. अपंगत्वाच्या सरकारी तक्त्यात एक डोळा चांगला आणि दुसऱ्याची नजर चष्म्यानेही ३/६० च्या खाली (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नाही) असेल तर ३० टक्के, म्हणजे भावाचा आकडा बरोबर आहे. तोच डोळा कारखान्यात कामावर असताना गेला असता तर कामगारांच्या भरपाईचा तक्ता लागला असता, जो २०२५ पर्यंत १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होता. तिथे डोळाच काढावा लागला तर ४०, डोळा जागेवर राहून नजर गेली तर ३०, नजर अर्धवट गेली तर १०. दोघांनाही त्या बाजूने अंधारच, पण काढलेल्या डोळ्याला दहा जास्त. असो.

तुमच्या दाव्यात हा आकडा शेवटचा नाही, हे तुमच्या वकिलांना माहीत असेलच, तरी त्यांना विचारा. मघाच्याच राजकुमार निकालात न्यायालयाने शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तक्त्यातला आकडा मात्र दोघांचा एकच. आता हिशेब बघा. भाऊ समजा महिना १५,००० मिळवत होता. वर्षाचे १,८०,०००. स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, झाले २,५२,०००. २६ ते ३० वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार गुणायचा आकडा) १७, म्हणजे ४२,८४,०००. त्याचे ३० टक्के १२,८५,२००. कमाईचं नुकसान ५० टक्के मानलं गेलं तर २१,४२,०००. हे मधले साडेआठ लाख कशावर ठरणार? एका डोळ्याने पैंजण होतं का, यावर.

याबद्दल डॉक्टर म्हणून खरं काय ते सांगते, दोन्ही बाजूंनी. एका डोळ्याने आडवं सुमारे १५० अंशांपर्यंत दिसतं, दोन्ही मिळून सुमारे १८०. म्हणजे भावाची उजवीकडची कड गेली, तिकडून येणारी गाडी उशिरा दिसेल. जिना उतरणं, पेल्यात पाणी ओतणं, हे बहुतेक माणसं वर्षभरात सरावाने जमवतात, आणि मी तसं लिहिते, दावेदाराला आवडो न आवडो. पण हाताच्या अंतरावरचं बारीक काम, दोन वस्तूंची टोकं हवेत नेमकी भिडवणं, याला दोन्ही डोळ्यांनी मिळून कळणारी खोली (वस्तू किती जवळ, किती लांब) लागते आणि ती सरावाने पूर्णपणे भरून येत नाही. ज्योतीवर कडीला कडी जोडणाऱ्या माणसाचं सगळं पोट त्या खोलीवर. वर उरलेला एकच डोळा तो ज्योतीसमोर धरणार. त्याने काम करताना संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे, हे दाव्याशी संबंध नसतानाही मी लिहिते.

म्हणून ‘दिसत नाही’ एवढं सांगून थांबू नका. अपघाताआधी दिवसाला किती जोड व्हायचे, आता किती होतात, मालक मजुरी कशी देतो, किती माल परत येतो, याची वही असेल तर तिची झेरॉक्स न्या. आणि भावाला त्याचा रोजचा चिमटा आणि चार सुट्या कड्या खिशात घालून पाठवा. कारागीर आला की मी काम करून दाखवायला सांगते आणि घड्याळ लावते. तपासणाऱ्या डॉक्टरने आपणहून विचारलं नाही, तर भावाने स्वतः म्हणावं, ‘मॅडम, एवढं करून दाखवतो, वेळ लिहून घ्या.’